साडूभाऊंच्या हरकती

या देशात पर्यावरणाचा एकही मसुदा आमच्या साडूभाऊंनी हरकत घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिलेला नाही. मसुदे पुढे गेले, हा भाग वेगळा. पण दिल्लीत असो की मुंबईत, जंगलांचा असो, किनाऱ्याचा, कचऱ्याचा किंवा विजेवरच्या गाड्यांचा, कुठलाही नवा नियम निघाला आणि त्याच्या तळाशी 'हरकती व सूचना साठ दिवसांत पाठवाव्यात' अशी ओळ असली, की ठाण्यात वर्तकनगरच्या एका दोन खोल्यांच्या घरात टेबल पुसलं जातं, चष्मा पुसला जातो आणि माझी मोठी मेव्हणी, जिला मीही बायकोसारखं ताईच म्हणतो, ती चहाचं आधण वाढवते. बाकीच्या सव्वाशे कोटींना ती ओळ म्हणजे सरकारी रीतभात वाटते. साडूभाऊंना ते आमंत्रण वाटतं, आणि आमंत्रण आल्यावर न जाणं त्यांच्या स्वभावात नाही.

ते सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, वहीत चढवायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. त्या कागदांचं पुढे काय होतं, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल. माझ्यासारखा माणूस त्यानंतर आयुष्यात अर्ज लिहिता ना. यांची श्रद्धा उलट घट्ट झाली. "पोच मिळाली की कागद जिवंत राहतो," असं ते म्हणतात. आम्ही डोंबिवलीहून त्यांच्याकडे आंबे पाठवले तर चौथ्या दिवशी पोस्टकार्ड येतं, 'आपण पाठविलेले बारा आंबे प्राप्त झाले. पैकी एक नरम.' खाली सही आणि तारीख. माझ्या बायकोने ही सगळी कार्डं जपून ठेवली आहेत, कधीतरी ताईला चिडवायला उपयोगी पडतील म्हणून.

नुसतं नियम वाचून थांबतील तर ते साडूभाऊ कसले. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली त्या आठवड्यात त्यांनी घरातली एकूणएक पिशवी हद्दपार केली आणि आपल्या जुन्या पँटींच्या पिशव्या शिवून घेतल्या. खिसे तसेच ठेवले, कारण खिशात मिरच्या वेगळ्या राहतात. भाजीवाला लांबूनच विचारायचा, "काका, आज काळी पँट की करडी?" पुढे ओला आणि सुका कचरा वेगळा करायचं ठरलं, तेव्हा ते चहाच्या पुरचुंडीपाशी, म्हणजे टी-बॅगपाशी, अडले. आतली पावडर ओली, दोरा सुका, आणि वरची ती बारीक पिन कशात धरायची? त्यांनी रीतसर पत्र लिहून विचारलं आणि उत्तर येईपर्यंत वापरलेल्या पुरचुंड्या बिस्किटांच्या डब्यात भरून गॅलरीत ठेवल्या. उत्तर आलं नाही. मुंग्या आल्या. ताईने डबा कुठे टाकला ते तिने अजून सांगितलेलं नाही. आणि माझ्या मुलाच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. मे महिना, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. पत्रिका मिळाल्यावर त्यांचं लेखी उत्तर आलं, की उष्णतेच्या लाटेसाठीच्या आराखड्यात दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये असं स्पष्ट म्हटलं आहे, सबब मुहूर्ताचा फेरविचार व्हावा. मुहूर्ताचा फेरविचार झाला नाही. साडूभाऊ चार वाजता आले, वधूवरांना आशीर्वाद दिले आणि गार झालेली जिलबी अजिबात तक्रार न करता खाल्ली. घामाने निथळत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "मी कळवलं होतं."

घरात त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मी आलो की मला पकडायचे, म्हणून मी ठाण्याला जाणं कमी केलं होतं, हे आज कबूल करतो. मग त्यांना एक श्रोता मिळाला. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बाक आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी एक मावशी सकाळचं विकून झालं की तिथे टोपली टेकवायची. साडूभाऊ जन्माचे शाकाहारी, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ते तिला अधिसूचना वाचून दाखवू लागले. तिला ऐकायचं नव्हतं, तिला बसायचं होतं. पण माणूस बसला की थोडंफार ऐकतोच. असं वर्षभर चाललं होतं.

एके दिवशी साडूभाऊंच्या मांडीवर किनाऱ्याच्या आराखड्याचा नवा नकाशा होता. कुठे बांधायचं, कुठे नाही, खारफुटी कुठली, कोळीवाडे कुठले, हे सगळं त्यावर रंगांनी दाखवलेलं. ते तिला रंगांचा अर्थ समजावत होते, तेव्हा मावशीने पहिल्यांदाच काही विचारलं. "काका, माजं खलं दावा त्यान."

खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. वाड्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथे जवळा पसरतात. साडूभाऊंनी बोट ठेवलं, भिंग लावलं, नकाशा फिरवून बघितला. देऊळ होतं, धक्का होता, वाड्यातली घरं होती. खळ्याच्या जागी कुठलाच रंग नव्हता. कागदावर ती रिकामी जमीन होती, आणि खाडीकाठी रिकामी जमीन दिसली की तिथे कारंजं, पेव्हर ब्लॉक आणि चालायचा ट्रॅक यायला वेळ लागत नाही, हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एकदा नकाशा असाच पक्का झाला, की इथे मासळी सुकत होती हे कुणाला सांगणार?

मुदत संपायला अकरा दिवस होते. मग साडूभाऊंनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते वाचायचे थांबले आणि उठले. शिंप्याची टेप घेऊन खळं मोजायला गेले. भरतीचं पाणी कुठवर येतं ते बघायला चिखलात उतरले आणि एक चप्पल तिथेच ठेवून आले. नाक दाबून जवळ्याचे फोटो काढले. रोज बाकावर मावशीला नकाशा दाखवत राहिले, इथे देऊळ, इथे धक्का, म्हणजे तुझं खळं इथे, लाल पेन्सिलीने. ताईने मला फोन केला, "ऐक, त्या नकाशाची सुनावणी आहे, तू जा त्यांच्याबरोबर. रात्रीचं धड जेवतही नाहीयेत." मी गेलो.

सुनावणी ठाण्यात एका सभागृहात होती. पुढे एक तरुण अधिकारी बाई, मागे पडद्यावर तोच नकाशा, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. साडूभाऊंच्या निवेदनात चौदा मुद्दे होते. खळं अकरावं होतं. पहिला मुद्दा सुनावणीची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आल्याबद्दल, दुसरा नकाशावरची अक्षरं मराठीत नसल्याबद्दल. मुद्दे सगळे खरे होते. मी मागून दबक्या आवाजात म्हटलं, "साडूभाऊ, अकरावर या." त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि तिसरा मुद्दा वाचायला घेतला. ज्या माणसाने उभ्या नोकरीत क्रमांक दोनच्या आधी क्रमांक तीन वहीत चढवला नाही, तो तीनवरून अकरावर उडी मारणार कसा? त्याचा हातच वळत नाही. तिसऱ्याच्या मध्यावर घंटा वाजली.

"काका, वेळ संपली. लेखी द्या, आम्ही घेऊ," अधिकारी बाई सौजन्याने म्हणाल्या.

साडूभाऊ खाली बसले. त्यांची चेष्टा करण्यात मी माझी अर्धी हयात घालवली, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना एक काम सांगितलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेत येऊन बसलेली मावशी उठली. टोपली तिथेच ठेवून ती सरळ पुढे गेली.

"मावशी, तुमचं नाव यादीत आहे का?" बाईंनी विचारलं.

"यादीन नाय. नकाशान पन नाय," मावशी म्हणाली. "म्हनून त आयलंय."

ती पडद्याजवळ गेली आणि तिने बोट ठेवलं. "यो आमचा देऊल. यो धक्का. न या दोगांच्या मदी जी तुमी मोकली जागा दावलीय, ती मोकली नाय. तिथं आमी जवला सुकवताव. माजी सासू सुकवायची, तिची सासू सुकवायची. भरतीचं पानी कुठवर येतं त्या मना इचारा, मी सांगतंय."

बाई खुर्चीतून उठून पडद्यापाशी आल्या. "मावशी, नकाशा वाचायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

मावशीने साडूभाऊंकडे हात केला. "या काकांनी. यांचा बोलना सरत नाय, पन खोटा नसतंय."

बाईंनी टिपून घ्यायला सांगितलं, आणि पुढचं नाव पुकारलं जाणार तोच साडूभाऊ पुन्हा उभे राहिले. हा माणूस आता चौथा मुद्दा काढतो की काय म्हणून मी मागून त्यांचा शर्ट ओढला. पण ते म्हणाले, "यांचं तोंडी झालंय. मी लेखी करून देतो." आपल्या चौदा मुद्द्यांचा शेवटचा कागद त्यांनी उलटा केला, पाठीमागे दोन ओळी लिहिल्या, मावशीची सही घेतली, टेबलापाशी जाऊन पोच मागितली आणि शिक्का नीट उमटला आहे ना ते उजेडात धरून बघितलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लहान हरकत ती, आणि तीही दुसऱ्याच्या नावाची.

नकाशा अजून पक्का झालेला नाही. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती हल्ली वर्तकनगरपर्यंत येत नाही. म्हणून साडूभाऊच रिक्षाने खाडीवर जातात. गेल्या रविवारी मीही गेलो, कुणी न सांगता. खळ्यावर जवळा पसरला होता. मावशी हातात काठी घेऊन कावळे हाकत होती आणि साडूभाऊ एका उपड्या टोपलीवर बसून तिला कचऱ्याचे नवे नियम वाचून दाखवत होते. नाक दाबलेलं नव्हतं. ते थकलेले दिसले. आवाजही पूर्वीइतका चढत नाही.

"काही कळलं का नकाशाचं?" मी विचारलं.

"मान्य झालं तर कळवतील."

"आणि नाही झालं तर?"

त्यांनी नियमांचं पान उलटलं. मग म्हणाले, "तरी पोच आहे."

आयुष्यभर मी ज्या पोचेला हसत आलो ती मला बघावीशी वाटली. तसं म्हटल्यावर त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कागद काढला. तो घडी करून एका दुधाच्या पिशवीत ठेवलेला होता, प्लास्टिकच्या, धुऊन वाळवलेल्या. माझी नजर पिशवीवर गेलेली त्यांनी पाहिली.

"खाडीवरची हवा दमट असते," ते हळूच म्हणाले.

इतक्या वर्षांत मला त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच एक पक्की हरकत सापडली होती. ती मी नोंदवली नाही.