कुठलं परसों?

चर्चच्या सिस्टरबरोबर मी तुरुंगात जायला लागले, तेव्हा घरच्यांनी माझी भरपूर टर उडवली. धाकट्या जावेने तर गळ्यात क्रूस कधी घालणार म्हणून विचारलं. मी गणिताची निवृत्त शिक्षिका. विद्यानगरच्या घरात बसून सुनेच्या फोडणीत खोट काढण्यापेक्षा कोवळ्या कैद्यांना अपूर्णांक शिकवलेले बरे, असं मी तिला सुनावलं.

रविवारी सिकंदराबादच्या चर्चमधली प्रार्थना आटोपली की आम्ही निघायचो. तुरुंगातल्या तरुण मुलांच्या बराकीत आधी गाणी, मग केक, मग माझे अपूर्णांक. प्रार्थनेला ज्याला बसायचं तो बसे, सिस्टर कुणाला आग्रह करत नसत. त्या मुलांत एक अंबरपेठचा होता, विशीतला, खटला अजून चालूच. उत्तर बरोबर आलं तरी ते दोनदा विचारून खात्री करून घ्यायचा. माझा जीव त्याच्यावर जरा जास्तच होता, हे कबूल करते.

नाताळ जवळ आला तेव्हा सिस्टरनी ठरवलं की ज्यांना फार दिवसांत कुणी भेटायला आलेलं नाही, त्यांच्या घरच्यांना चर्चच्या गाडीतून आणायचं. गाडी एकच, जागा मोजक्या. त्या एकेकाला विचारत फिरू लागल्या. ह्याच्यापाशी आल्या तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "अम्मी परसों आए थे."

सिस्टर केरळच्या, हिंदी पुस्तकातून शिकलेल्या. त्यांना आनंद झाला. त्याच्या खांद्यावर थोपटून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

मी मात्र चपापले. आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस, त्याला ना शेंडा ना बुडखा. माझे आजोबा निजामाचं राज्यसुद्धा परसोंच गेलं म्हणायचे. मी त्याच्याशेजारी बसले आणि हळूच विचारलं, "कौनसे परसों, बेटा?"

"आमां के दिनां थे ना, टीचर. तब."

आंब्याचे दिवस, आणि आता आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. नंतर का आल्या नाहीत, विचारलं. आईचे पाय सुजतात, दोन बस बदलाव्या लागतात, त्यात धुण्याभांड्याच्या घरांत सुट्टी मिळत नाही, असं त्याने सांगितलं. मग सिस्टरना तसं का नाही सांगितलंस, यावर तो पाटीवरचं गणित पुसत बसला. मलाच कळलं. आईला कुणी नावं ठेवलेली त्याला चालणार नव्हती.

बाहेर आल्यावर मी सिस्टरशी वाद घातला. त्या म्हणाल्या, त्याने स्वतःच परसों म्हटलं, आता दुसऱ्या कुणाची जागा कशी काढायची? मी वैतागून म्हटलं, ह्या गावात राहायचं तर इथलं परसों शिकून घ्या. आजोबांचा किस्सा सांगितला तशा त्या खळखळून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग म्हणाल्या, गाडीत माझी जागा आहे ना, ती त्याच्या आईला, मी बसने येईन. परवानगीसाठी त्या तशाच आत परत गेल्या.

भेट शुक्रवारी ठरली. नेमकी मी तापाने फणफणले होते. आई आली की नाही, सिस्टरना फोन करून विचारायचाही धीर होईना. रविवारी अंगात कणकण असतानाच गेले. तो पाटी घेऊन दाराशीच उभा होता.

मी विचारलं, "अम्मी आए क्या?"

खरं तर आता पंचांगानेही शुक्रवार परवाचाच होता. पण तो शब्द त्याने वापरला नाही.

"जुम्मे को आए थे, टीचर," तो म्हणाला. "दोपहर की अज़ान हुई ना, उसके बाद." आणि मी नीट ऐकलं की नाही म्हणून त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.