इनासभाऊंची हजेरी

शारजातल्या आमच्या इमारतीत इनास डाबरे शेजारी आले, तेव्हापासून मी त्यांना निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. मूळचे वसईचे, दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर, आणि उरलेला सगळा वेळ चर्चच्या सेवाबंधू मंडळाचे. मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात. त्याचा इतिहास लिहायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. मी हिंदू बाई, मला नोव्हेना आणि मिस्सा यांतला फरक कळत नाही, असं सांगून पाहिलं. पण ते ऐकतायत कुठे!

"शोभनावहिनी, मराठी चांगलं पायजे, बाकी मी सांगतो. खलास."

सांगितलंही भरभरून. दुबईच्या देरा भागातल्या एका खोलीत आठ वसईकर राहायचे. हॉस्पिटलात एक मजूर एकटाच पडलाय, त्याचं इथे कुणी नाही, हे कळल्यावर आठही जण पाळी लावून त्याच्या उशाशी बसले. तो त्यांच्या धर्माचाही नव्हता. त्यातून मंडळ उभं राहिलं आणि पास्कोल लोपीस पहिले प्रमुख झाले. दुसऱ्या प्रमुखांनी मजुरांच्या वस्तीत दर शुक्रवारी फुकट केस कापणं सुरू केलं. पहिल्या शुक्रवारची डोकी कशी दिसली, ते विचारू नका. असे एकूण नऊ प्रमुख, आणि प्रत्येकावर इनासभाऊ तासभर रंगून बोलायचे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"माझं नाव कुणी कधी घेतलंच नाही." मग म्हणाले, "जूनमध्ये रिटायर होऊन गावी चाललो. एकदा तरी कुणी नाव घ्यायला हवं होतं, असं वाटतं. राहू द्या, हे लिहू नका."

मला मंडळाचा संतापच आला. मी जुनी इतिवृत्तं घरी आणली. कुठल्याही मराठी मंडळात इतिवृत्त लिहून कपाटात ठेवतात, वाचत कुणी नाही. मी वाचलं. प्रमुखाच्या निवडीची पद्धत अशी, की सभेत नाव पुकारायचं, त्या माणसानं उभं राहून 'हजर' म्हटलं तरच नाव धरायचं. आणि २००९च्या पानावर लिहिलं होतं: 'इनास डाबरे यांचे नाव पुकारले. हजर नाहीत. नाव वगळले.' पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही. सलग सतरा वर्षं! निवड व्हायची चहाच्या आधी, आणि चहा करायला मागच्या खोलीत कोण, तर इनासभाऊ.

आताचे प्रमुख रेमंड घोन्सालवीस यांना मी फैलावर घेतलं.

"मॅडम, आम्हाला वाटलं त्यांना पोस्ट नकोय, म्हणून मुद्दाम आत जातात. विचारलं तर ऑकवर्ड होईल ना."

असला हा सभ्यपणा! मी मनोरमाताईंना, म्हणजे इनासभाऊंच्या बायकोला गाठलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. लाजून घरीच बसतील. मी बघते."

सभेच्या दिवशी त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि नवऱ्याच्या हातातली किटली काढून घेतली.

"तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"अगं, साखर किती..."

"पस्तीस वर्षं तुम्हाला चहा पाजतेय. यल्ला, जा."

ते शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी अवघडून बसले. रेमंडनी नाव पुकारलं, "इनास डाबरे." इनासभाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग हळूहळू उभे राहिले.

"हजर."

"ऐकू आलं नाही," पुढून फादर म्हणाले.

"हजर, फादर."

दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही. सगळा हॉल उभा राहिला. पाच महिन्यांपुरते का होईना, इनासभाऊ दहावे प्रमुख झाले. मी चारचौघांत रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी रडले.

रेमंड मिठी मारायला आले, तेव्हा इनासभाऊ डोळे पुसत हसून म्हणाले, "घेतलंत बाबा एकदाचं माझं नाव."

"अठराव्यांदा, भाऊ," रेमंड म्हणाले.