टाकीवरचा भोंगा

धारूरला आमच्या गल्लीत दूध संस्थेतला एक कारकून राहतो. दुष्काळात दूध आटलं, तसा त्याला वेळच वेळ मिळाला. त्यानं तळहाताएवढा एक कॉम्प्युटर मागवला आणि मोबाइलवर बघून बघून त्याला वायरी जोडू लागला. बोलताना हा गडी अर्ध्यातच थांबतो आणि डोकं खाजवतो.

"म्हंजे बघा, गल्लीच्या टाकीत टँकरचं पाणी पडलं की भोंगा वाजंल. बायांनी उन्हात बसायचं कावून?"

पहिल्याच दुपारी भोंगा वाजला. बाया घागरी घेऊन धावल्या, तर टाकी कोरडी ठणठणीत.

"आमची चेष्टा लावलीय का?" एक म्हातारी कडाडली. तो टाकीवर चढून वायरी उपसू लागला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा भोंगा गप्प. मग हाच अनवाणी गल्लीभर ओरडत पळाला, "पाणी आलं, पाणी आलं!" सगळ्यांनी भरून घेतलं. त्याच्या घरची घागर तेवढी रिकामी राहिली.

मी माझ्या घागरीतलं निम्मं पाणी तिच्यात ओतलं. त्याचं लक्षच नव्हतं.

"काल कावून वाजला, अन् आज कावून न्हाई?" तो मला विचारत होता.

भोंग्याचं मला काय कळणार! मला तर हा माणूसच अजून नीट कळलेला नाही.