मिसेस क्लाइनचं मागचं दार

“पलंग त्या दाराला लावलास तर मी इथे हॉस्पिटलातच मरेन,” मिसेस क्लाइन म्हणाल्या. “आणि मुद्दाम सावकाश मरेन. तुमचा बेड अडवून.”

मी नॉटिंगहॅमला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे काय, हे माझ्या नागपूरच्या आईला अजून कळलेलं नाही. ती शेजारणींना ‘मुलगी मसाज करते’ असं सांगते. आजारपणानंतर माणूस घरी स्वतःचं स्वतः करू शकेल का, हे मी बघते, आणि त्यासाठी घरात लागतील ते बदल करून घेते.

मिसेस क्लाइन नव्वदीच्या, घरात एकट्या. खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे जिना बंद. अशा वेळी पलंग खालच्या खोलीत आणतात. हा पलंग विजेवर वर-खाली होतो, म्हणून सॉकेट जवळ हवं. एक्स्टेन्शन चालत नाही. वायरीत पाय अडकून बाई पुन्हा आमच्याकडेच यायच्या. मोकळं सॉकेट एकच होतं, मागच्या दारापाशी. पलंग तिथे ठेवला की दार बंद. एवढं छान जमल्यावर मी स्वतःवर खूश होते.

माझी मॅनेजर हेलन म्हणाली, “पलंग नको असेल तर केअर होम. शुक्रवारपर्यंत ठरवायला सांग.”

मी पुन्हा वॉर्डात गेले.

“समोरचं दार आहे की. मागच्या दाराने तुम्हाला जायचंय कुठे?”

“ते तेव्हा ठरवीन.” मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “लढाईत बुडापेस्टला नाझी आम्हा ज्यूंना घरोघर धरत होते. आमचंही समोरचं दार वाजलं. आईने मला मागच्या दाराने बाहेर ढकललं. समोरचं उघडायला ती स्वतः गेली.”

“आणि मग?”

“मग मी नॉटिंगहॅमला. मधलं तूच समज.”

मधलंही त्यांनी हळूहळू सांगितलं. लढाईनंतर अनाथ मुलांबरोबर इंग्लंडला येणं, शिलाईच्या कारखान्यातली नोकरी, तिथल्याच एका शिंप्याशी लग्न. “घरं बघायला गेलो की नवरा गुलाब बघायचा आणि मी मागचं दार. दार नसलं की मी नाही म्हणायची. एजंटला वाटायचं, हिला गुलाबच आवडत नाहीत.”

मला रडू येत होतं. पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती, त्या हसल्या असत्या.

हेलनला मी सगळं सांगितलं. ती दुष्ट नाही, फक्त मॅनेजर आहे.

“नवीन सॉकेटसाठी कारण काय देऊ? नाझी येतील म्हणून?”

“फायर एक्झिट म्हणून दे. पलंगाने बाहेर पडायचा रस्ता बंद होतोय.”

हेलनने कीबोर्ड पुढे ओढला. आमच्या सिस्टिममध्ये आईच्या आठवणीला रकाना नाही, आगीला आहे. शुक्रवारच्या आत इलेक्ट्रिशियन दारापासून लांबच्या भिंतीवर सॉकेट बसवून गेला, आणि मिसेस क्लाइन घरी गेल्या.

काही दिवसांनी फॉलो-अपला गेले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. उत्तर नाही. बाई पडल्या असणार, असं वाटलं. गल्लीतून मागे धावले.

मागचं दार सताड उघडं. अंगात कोट, हातात वॉकिंग फ्रेम, आणि मिसेस क्लाइन बागेच्या फाटकाजवळ पोहोचलेल्या.

“अहो, मी आहे. थेरपिस्ट.”

“माहीत आहे. खिडकीतून बघितलं. तू व्यायाम करायला लावतेस.”

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: पेशंट घराबाहेर एकट्या, वेगाने चालतात. केस बंद.

तेव्हापासून कुणाच्याही घरी पलंगाची जागा ठरवण्याआधी मी विचारते, दारावर नको ते माणूस आलं तर तुम्ही कुठून पळाल? बहुतेक जण हसतात. काही जण लगेच उत्तर देतात.