अरूरची ट्रीसा आणि पिवळं मलम

केरळातल्या अरूरच्या शेडमध्ये आईनं जन्मभर कोळंबी सोलली. लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, ती का, तर त्याच कोळंबीचा लगदा काचेच्या नळीत घालून बघायला. सोयरे म्हणायचे, "शिकून काय झालं? आईच्या हाताला वास यायचा, हिच्या डिग्रीला येतो." ट्रीसा हसायची. बावीस वर्षं हसली.

कारखान्याचा मालक वर्गीस मुतलाळी, म्हणजे वर्गीस शेठ, मोठा देवभोळा. कंटेनर निघायचा म्हटला की चर्चमध्ये मेणबत्ती आणि ट्रीसापुढं दाखला. देव सही करत नाही, एवढीच त्याची अडचण.

एकदा युरोपला जायच्या मालात बंदी असलेलं जंतुनाशक निघालं.

"यंत्राला पडसं झालंय," मालक म्हणाला. "परत लाव."

तिनं तीनदा लावलं. तीनदा तेच.

"मग कोळंबी पाळणाऱ्या तळ्यावाल्यानं घातलं असंल."

"तळ्यावरची कोळंबी वेगळी तपासली, मुतलाळी. ती धुतल्या तांदळासारखी आहे. सोलून आली की तिच्यात ते निघतं."

"असं व्हय? मग शेडमधल्या चाळीसच्या चाळीस बाया उद्यापास्नं घरी. न्हाईतर कुणी केलं त्येचं नाव दे. संध्याकाळपातुर."

ट्रीसा शेडमध्ये गेली. दिवसभर बर्फात हात, बोटांना भेगा. कारखान्यानं दिलेले हातमोजे खुंटीवर नवेकोरे. मजुरी किलोवर, मोजे घालून सोलायला कुणाला परवडतंय? तिची सख्खी मावशी मरियक्कुट्टी ढिगापुढं बसलेली.

"मावशी, बोटांना काय लावतेस गं?"

"आता गं बया! तूच दिलंस की!" मावशीनं कमरेला गुंडाळलेल्या मुंडूच्या घडीत खोचलेली ट्यूब काढली. "नाताळात म्हणालीस, मावशी, रोज लाव. लई गुणाचं हाय बघ. सगळ्या शेडला लावलं मी. बाया म्हणत्यात, मरियक्कुट्टीची भाची निम्मी डॉक्टरीण!"

ट्रीसानं पिवळ्या मलमावरची बारीक अक्षरं वाचली. तेच बंदीचं जंतुनाशक. कोळंबीतला कणाचा कण हुडकणाऱ्या बाईनं, आपण दिलेल्या भेटीवर काय लिहिलंय ते काही वाचलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं अहवाल टेबलावर ठेवला. कारण: सोलणाऱ्यांच्या हातावरचं मलम. मलम देणारी: ट्रीसा, केमिस्ट.

मालक कळवळला. "अगं, तुझं नाव कशाला घालतीस? मावशीचं घाल."

"मावशीला वाचता येत नाही. मला येतं."

माल अडला. बाया कामावर राहिल्या. ट्रीसाची ठरलेली बढती गेली ती गेलीच. मालकानं मात्र सढळ हातानं खर्च करून शेडच्या दारावर पाटी लावली, 'मलम लावण्यास सक्त मनाई'. भेगांना मनाई करायची तेवढी राहून गेली.

मावशी आता खोबरेल लावते. पण आधी बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहते.

"डॉक्टरीणबाई, येवढं वाचून दे. आन् ह्या खेपंला लावायच्या आधी वाच."