तात्यासाहेबांच्या नावाची शाल

मी कलशाला हात घातला आणि सरपंचांचा चुलता स्टेजवरून ओरडला, "थांब गो! तो नको. तुझ्यासाठी ही बाटली हाय."

अख्खा मंडप बघत होता. पोलादपूरकडच्या आमच्या गावात रीत अशी, की पुरस्कार घेणाऱ्यानं गावविहिरीचं पाणी तांब्याच्या कलशातून तात्यासाहेबांच्या पुतळ्याच्या पायावर ओतायचं, मग शाल घ्यायची. आजवर सगळ्यांनी कलशानंच ओतलं. माझ्या हातात दुकानातली बाटली. वा रे सन्मान!

मी आशा सेविका. पावसाळ्यात दरड आली तेव्हा वरच्या आळीतली म्हातारी माणसं मी पाठीवर घेऊन खाली आणली. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. पुरस्कार त्याचाच.

सरपंच म्हणजे तात्यासाहेबांचा नातू. कानाशी वाकून म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. कलश देवघरातला आहे." मग हसून, "उन्हाळा आहे. तुमच्या वाडीचा टँकर आम्हीच पाठवतो ना?"

टँकरसाठीच तर मी आले होते; गावविहीर आमच्या वाडीला आजही बंद. आईनंच धाडलं होतं, "जा गो, वाडीला पानी लागतं."

आई समोर बायकांत बसली होती. तिचं मनगट वाकडं आहे. लहानपणी तिनं याच विहिरीत कळशी बुडवली, म्हणून तात्यासाहेबांनी स्वतःच्या हातानं काठी घातली. मग शेण-गोमूत्र शिंपडून विहीर शुद्ध करून घेतली. पुढे ते निवडून आले. रस्ता आणला, शाळा आणली. चौकाला नाव लागलं, कमान उभी राहिली. आता ते 'दीनांचे कैवारी'. आणि त्यावर शिक्का मारायला सरपंचांना माझा हात हवा होता.

डोकं फिरलं. बाटली खाली ठेवली, माईक ओढला.

"माझ्या आईचा हात या माणसानं मोडला. पाणी घेतलं म्हणून. याच्या नावाची शाल मला नको."

माईक बंद केला गेला. मागची तरुण पोरं तेवढी उभी राहिली आणि मोबाइलवर माझा चेहरा टिपत राहिली.

दुसऱ्या दिवशी वाडीचा टँकर फाट्यावरूनच परत गेला. तेव्हापासून एक जीप रोज माझ्या दारासमोर थांबते. इंजिन चालू असतं, कुणी उतरत नाही. शेजारीण रिकामा हंडा अंगणात आपटून म्हणाली, "तुझ्या तोंडापायी पोरं तान्हेली हायत." मलाही भीती वाटते. रात्रभर डोळा लागत नाही.

आई म्हणाली, "भ्याले तर मी पन हाय. पन आता माघार नाय."

दरवर्षी ज्याच्या खांद्यावर ती शाल पडेल, त्याच्या घरी जाऊन मी सांगणार, ती कुणाच्या नावाची आहे. आणि उद्या, ऊन चांगलं वर आल्यावर, सगळ्यांच्या देखत गावविहिरीवर जाणार. वाडी आली तर वाडीसकट, नाही तर एकटी. जीप आडवी घालू देत. हंडा भरल्याशिवाय मी हलणार नाही.