बोट बाहेर, आकडा आत

भिंगरी दीदी खुर्चीवर स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलीच नाही. चौबे कॉलनीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ती उभ्यानं कोड वाचायची आणि गॅलरीत येरझारा घालत चहा प्यायची. म्हणून हे नाव. ती आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या गुढ़ियारी भागातली, वडील रेल्वेत. मी तिथल्याच ब्राह्मणपाऱ्यातली. ती माझ्याशी मराठीत बोलायची, मी घरात मराठी असूनही तिला हिंदीतच उत्तर द्यायची.

वीज धड नसलेल्या गावांतल्या दवाखान्यांसाठी आम्ही बॅटरीवर चालणारं यंत्र बनवत होतो. बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन ते दाखवायचं. सेन्सरकडून प्रोसेसरकडे माहिती नेणाऱ्या वाटेला बस म्हणतात. काम नसलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती बस झोपवतो आणि बॅटरी वाचते. दीदी बजावायची, "झोपवणं सोपं हाय वं. सगळ्या सवाऱ्या उतरल्या का, ते आधी पाह्य."

डॉक्टरांना यंत्र दाखवायच्या दिवशी सकाळी तिनं यंत्राच्या सेन्सरच्या क्लिपमधून आपलं बोट काढलं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव तसंच.

"बोट बाहेर, आन आकडा आत?" ती जागच्या जागी थबकली.

पुन्हा करून पाहिलं तर सगळं ठीक. दहादा ठीक. कंपनीचे साहेब म्हणाले, "एक बार हुआ, छोड़ो." तिनं सोडलं नाही. डॉक्टर आल्यावर त्यांच्यासमोर ती सरळ बोलली, "डॉक्टर साहब, ये मशीन आज मत लीजिए. बच्चे की साँस रुक जाए, तब भी ये अट्ठानबे दिखा सकती है."

डॉक्टर यंत्र न घेताच निघून गेले. साहेब त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासे झाले.

पुढचे तीन आठवडे तिनं चूक शोधत अक्षरशः चालून काढले. एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ माझी होती. सेन्सरचं उत्तर यायच्या आतच माझा कोड कर्नलला 'काम झालं' असं कळवत होता. मग कधीतरी बस मध्येच झोपायची आणि जुना आकडा पडद्यावर राहायचा.

"काहून एवढी घाई केली?"

तिनं माझ्याकडूनच ती ओळ दुरुस्त करून घेतली. बैठकीत साहेबांनी विचारलं, "गलती किसकी थी?" दीदी म्हणाली, "टीम की." मी मान खाली घालून बसले. पुढं तिचं काम हळूहळू दुसऱ्यांकडे गेलं आणि तिनं राजीनामा दिला. त्या दिवसांत माझं जेवणात लक्ष नसायचं. आई विचारायची, मी टाळायची.

तिच्या शेवटच्या दिवशी समोसे आले, साहेबांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली आणि मी उभी राहिले. "सर, वो लाइन मेरी थी." साहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

जिन्यात मी दीदीला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलले, "दीदी, मले खूप उशीर झाला."

"हव, झाला," ती म्हणाली. खोटा दिलासा तिला कधी देताच आला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर उभी राह्य." आणि भराभर जिना उतरून गेली.